बुद्धिबळ : नवशिक्यांचे दोष व त्यांचा इतिहास

बुद्धिबळाचा खेळ नव्याने शिकणाऱ्याकडून ज्या चुका वारंवार घडतात, त्यांना ढोबळमानाने नवशिक्यांचे दोष म्हणता येईल. मोहरे बिनजोर ठेवणे, वजीर फार लवकर बाहेर काढणे, प्यादी विनाकारण पुढे ढकलणे, राजाचा किल्लेकोट लांबणीवर टाकणे, दिसेल तेथे शह देणे, प्याद्याची हानी क्षुल्लक मानणे आणि जिंकत आलेला डाव जिच करून घालविणे, हे त्यांतील ठळक होत. बुद्धिबळाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत हे दोष केवळ अनवधानाचे किंवा अज्ञानाचे म्हणून सांगितलेले असतात. त्यांतील काही खरोखरच तसे आहेत व ते जगात सर्वत्र आढळतात. तथापि महाराष्ट्रात, आणि एकूण भारतातही, त्यांच्यापैकी अनेकांना एक स्वतंत्र इतिहास आहे. आज ज्या खेळीला दोष म्हणतात ती खेळी येथील जुन्या देशी डावात योग्य, कित्येकदा आवश्यकही होती. डावाचे नियम बदलले. घरोघरी चालत आलेली शिकवण मात्र त्याच वेगाने बदलली नाही. नवशिक्याच्या चुकांचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर चूक दिसते पण तिचे कारण दिसत नाही.

चतुरंग या नावाने हा खेळ भारतात प्राचीन काळापासून परिचित होता. नवव्या शतकातील काश्मीरी आलंकारिक रुद्रट याने काव्यालंकारात घोड्याच्या चालीवर रचलेला तुरगपद नावाचा चित्रबंध दिला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये चतुरंगाचे वर्णन येते. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्ट यांनी सतराव्या शतकात भगवंतभास्कर हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. त्यातील नीतिमयूखातही या खेळाची माहिती आहे. धर्मशास्त्राच्या व राजनीतीच्या ग्रंथांतून पट मांडण्याची रीत सांगितली जावी, यावरून त्या काळच्या विद्वानांना हा खेळ किती जवळचा होता, हे कळते. प्राचीन खेळात वजीर दुबळा होता. तो एका वेळी एकच घर तिरका जाई. वजीर व उंट यांना आजचे दूरवरचे सामर्थ्य पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन व इटली या देशांत प्राप्त झाले. पुढे भारतातील देशी डावानेही ते स्वीकारले. परंतु प्याद्याच्या, राजाच्या आणि डाव संपविण्याच्या बाबतीत आपले जुने संकेत त्याने सोडले नाहीत. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत मराठी घरांतून खेळला जाणारा डाव तो हाच.

देशी डाव : या डावाचे नियम प्रांतोप्रांती थोडे निराळे असत. एकाच जिल्ह्यातील दोन गावच्या खेळाडूंना पट मांडल्यावर आधी अटी ठरवाव्या लागत, असेही होई. तरी त्यांतील समान भाग पुष्कळ आहे. प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले. दोन्ही राजे समोरासमोर नसत. एकाच्या राजासमोर दुसऱ्याचा वजीर येई. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला संपूर्ण डावात एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरे उडी घेण्याची मुभा असे, मात्र तत्पूर्वी त्याला शह मिळालेला नसावा अशी अट होती. शेवटच्या पट्टीत पोहोचलेले प्यादे ज्याच्या घरात पोहोचले त्या मोहऱ्याचे रूप घेई; घोड्याच्या पट्टीतून गेलेले प्यादे घोडाच होई, वजीर नव्हे. प्रतिपक्षाचा केवळ राजा उरला तर डाव बुर्जी होऊन बरोबरीत सुटे. म्हणून मात करू पाहणाऱ्याला शत्रूचे एखादे मोहरे मुद्दाम जिवंत ठेवावे लागे. जिच करण्यास सामान्यतः बंदी होती. प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची समजली जाई, आणि तेवढ्यासाठी जाणते खेळाडू सोपी मात सोडून दहा खेळ्या अधिक खर्च करीत. काही ठिकाणी आरंभीच्या ठराविक खेळ्या दोन्ही खेळाडू एकदमच मांडून घेत व खरा डाव त्यानंतर सुरू होई. पटही बहुधा कापडाचा, एकरंगी असे. काळ्यापांढऱ्या घरांची मदत नसल्याने उंटाचा कर्ण नजरेनेच धरावा लागे.

देशी डाव व युरोपीय डाव यांतील अंतराची जाणीव फार जुनी आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री या दाक्षिणात्य पंडितांचा विलासमणिमंजरी हा संस्कृत ग्रंथ इंग्रजीत भाषांतरित होऊन १८१४ मध्ये मुंबईत छापला गेला. त्यात प्रामुख्याने डावातील बिकट स्थिती, म्हणजे आजच्या भाषेत कूटे, दिलेली आहेत. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच दोन गोष्टी सांगितलेल्या आहेत : एक, ही कूटे युरोपीय पद्धतीच्या खेळाला अनुरूप करून घेतली आहेत, आणि दोन, शिकणाऱ्याची प्रगती व स्मरणशक्तीचा व्यायाम हा त्यांचा हेतू आहे. पेशवाई अद्याप संपलेली नसताना मुंबईच्या छापखान्यातून निघालेल्या या पुस्तकाने, शिकाऊ खेळाडूला एका डावातून दुसऱ्या डावात नेण्यासाठी काही जुळवाजुळव करावी लागते, हे अप्रत्यक्षपणे मान्य केले आहे. पुढील दीडशे वर्षे ती जुळवाजुळव बहुतेकांना एकट्यानेच करावी लागली.

वारशाने आलेले दोष : नवशिक्याच्या विनाकारण प्यादी चालविण्याच्या सवयीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत प्यादे आरंभी दोन घरे जाऊ शकत असल्याने पटाचा मध्य एकदोन खेळ्यांतच पेटतो. मोहरी बाहेर काढण्यास उशीर लावणाऱ्यावर हल्ला लगेच येतो. म्हणून तेथे प्रत्येक खेळीची किंमत मोजावी लागते व तीनचार प्यादी नुसती एकेक घर सरकविणे म्हणजे तेवढ्या खेळ्या फुकट घालविणे होय. देशी डावात एकघरी प्याद्यांमुळे दोन्ही फौजा एकमेकींना भिडण्यास बराच अवधी लागे. तेवढ्या अवधीत प्याद्यांची तटबंदी नीट रचणे, हेच आरंभीचे मुख्य काम असे. नवव्यादहाव्या शतकांतील अरबी बुद्धिबळपटूंनीही, त्यांच्या संथ डावासाठी, सुरुवातीची तयार व्यूहरचना शिकविणारे नमुने तयार केले होते. खेळाडू प्रतिपक्षाकडे फारसे न पाहता आपला व्यूह पूर्ण करी. त्या डावात ते चालून जाई. आजच्या डावात मात्र समोरच्याची खेळी न पाहता ठरलेली मांडणी पुरी करीत बसणारा नवशिका दहाव्या खेळीच्या आतच संकटात सापडतो.

राजाच्या बाबतीत हे अंतर आणखी स्पष्ट दिसते. देशी डावात घोड्यापुढचे प्यादे एक घर पुढे घेतले, की रिकाम्या झालेल्या त्या घरात राजाला मूळ जागेवरून अडीच घरांची उडी थेट घेता येई. ते प्यादे सरकविणे ही राजाचे घर बांधण्याची पहिली पायरी होती. किल्लेकोट केलेल्या राजापुढील तेच प्यादे सरकविले, तर त्याच्या दोन्ही बाजूंची घरे उघडी पडतात आणि शत्रूचा वजीर व उंट यांना तेथून आत शिरण्यास वाट मिळते. हात तोच, प्यादे तेच, घर तेच. परिणाम मात्र उलटा. शिवाय उडीचा हक्क शह बसेपर्यंत टिकत असल्याने देशी खेळाडूला घाई नसे. किल्लेकोटाचे तसे नाही. राजा व हत्ती यांच्यामधील घरे मोकळी करणे, त्यांपैकी कोणीही आधी हललेले नसणे, आणि राजा ओलांडतो ती घरे शत्रूच्या माऱ्यात नसणे, इतक्या अटी सांभाळायच्या असल्याने तो पहिल्या दहाबारा खेळ्यांतच उरकणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

निष्कारण शह देण्याची खोड सर्व देशांतील नवशिक्यांत आढळते. शत्रूच्या राजावर चाल केल्याचे समाधान त्यात असते. पण आपल्याकडे तिला एक सयुक्तिक आधारही होता. एकदा शह बसला की प्रतिपक्षाच्या राजाची उडी कायमची गेली. त्यामुळे डावाच्या आरंभी दिलेला साधा शहदेखील मोलाचा असे आणि वडीलधारी मंडळी तो आवर्जून शिकवीत. आंतरराष्ट्रीय नियमानुसार, राजा न हलविता मध्ये मोहरे घालून शह वारला, तर किल्लेकोटाचा हक्क अबाधित राहतो. अशा वेळी शह देणाऱ्याचे मोहरे भलत्या जागी अडकते व समोरच्याला मध्ये घातलेले मोहरे बाहेर काढल्याचा लाभ आयताच मिळतो. शहाला काटशह ही मराठीतील वाक्प्रचाराची जोडी मुळात याच पटावरची. आरंभीच्या पोकळ शहाला काटशहाचीही गरज नसते, एक प्यादे पुढे केले तरी पुरते.

वजीर लवकर बाहेर काढण्याचा मोह चार खेळ्यांतील मातीमुळे वाढतो. पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे चालविले, काळ्यानेही तसेच केले, पांढऱ्याचा वजीर कर्णावरून पटाच्या कडेला गेला, राजाच्या बाजूचा उंट चौथ्या पट्टीत आला, आणि काळ्याने दुर्लक्ष केले, तर वजीर काळ्या राजाच्या उंटापुढचे प्यादे मारून मात करतो. आरंभीच्या मांडणीत या प्याद्याला एकट्या राजाचाच जोर असतो. डावातील सर्वांत कच्चे स्थान ते हेच. देशी डावात ही मात अशा रीतीने होऊच शकत नसे. एक तर काळ्याचे राजापुढचे प्यादे एकाच घरावर राहिल्याने उंटाचा कर्ण बंद होई. दुसरे, राजे आडवे मांडलेले असल्याने काळ्याचे ते कच्चे स्थान पटाच्या दुसऱ्या अंगाला जाई, आणि पांढऱ्याच्या राजाजवळचा उंट ज्या कर्णांवर फिरतो त्यांत ते घर येतच नसे. म्हणून देशी डावात मुरलेला जाणता माणूसही आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळताना या साध्या मातीत सापडू शकतो, आणि बघे त्याला हसतात. वजिराला अंगावर घेऊन प्यादी व घोडे यांनी हुसकावीत आपली मोहरी बाहेर काढणे हा यावरील उपाय. एकदा तो जमला, की पुढे वजीर नाचविणाराच अडचणीत येतो, कारण प्रत्येक माघारीत त्याची एक खेळी वाया जाते.

डावाच्या अखेरीसंबंधीचे दोष तर जवळजवळ संपूर्णपणे नियमभेदातून आलेले आहेत. देशी डावात प्याद्याची बढती त्याच्या पट्टीवर अवलंबून असल्याने एखादे कडेचे प्यादे गेले तरी जाणता खेळाडू विशेष खेद करीत नसे. आजच्या नियमांत कोणतेही प्यादे शेवटच्या पट्टीत वजीर होऊ शकते. त्यामुळे तुल्यबळ खेळाडूंत एका प्याद्याचा फरक पुष्कळदा अख्खा डाव ठरवितो. प्यादी हा डावाचा प्राण होत, असे फ्रेंच खेळाडू फिलिदोर याने १७४९ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. त्याचा पुरा अर्थ बढतीचा नियम मोकळा असलेल्या डावातच कळतो. बुर्जीच्या नियमानेही एक सवय मागे ठेवली. प्रतिपक्षाचे शेवटचे मोहरे न मारता त्याला खेळविणे देशी डावात भाग होते. आंतरराष्ट्रीय डावात ते उगाच पत्करलेले धोक्याचे काम आहे. उलट जिच देशी डावात सहसा घडूच दिली जात नसल्याने तिच्याविषयी सावध राहण्याची सवय लागत नसे. राजा व वजीर एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला कोपऱ्यातील एकटा राजा, अशा स्थितीत वजीर त्या राजापासून अडीच घरांवर नेऊन ठेवला व पुढची खेळी काळ्याची असली, की शह नाही आणि हलायला घरही नाही, अशी अवस्था होते; डाव बरोबरीत सुटतो. जवळजवळ प्रत्येक नवशिक्याने निदान एकदा तरी असा डाव घालविलेला असतो. या नियमाचा इतिहास युरोपातही सरळ नाही. इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत जिच करणाराच हरला असे मानीत. बरोबरीचा नियम तेथे एकोणिसाव्या शतकात स्थिरावला. मराठीत वाटाघाटी अडून बसल्या की ‘जिच पडली’ म्हणतात. तो शब्द पटावरून व्यवहारात आला आणि पटावर त्याचा नियम बदलला तरी व्यवहारातला अर्थ कायम राहिला.

दोष की शैली : देशी सवयींना सरसकट दोष म्हणण्यापूर्वी एका प्रकरणाची दखल घेणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रन या स्कॉटिश बॅरिस्टराने महेशचंद्र बंदोपाध्याय या बंगाली खेळाडूशी शेकडो डाव खेळले. कॉक्रन हा त्या काळचा नामांकित खेळाडू. महेशचंद्र देशी डावात वाढलेले. मध्यावर दोन घरांची प्यादी धाडण्याऐवजी ते एकघरी प्यादी चालवीत, घोड्यापुढचे प्यादे सरकवीत आणि त्यामागे उंट बसवून लांब कर्णावर दाब ठेवीत. तत्कालीन युरोपीय मताप्रमाणे मध्य मोकळा सोडणे हा उघड दोष होता. पण हे डाव इंग्लंडमधील नियतकालिकांत छापले गेले, आणि अशा मांडणीला पुढे ‘इंडियन’ हे नाव पडले. विसाव्या शतकात त्याच धर्तीच्या बचावांना अग्रगण्य खेळाडूंनी प्रतिष्ठा मिळवून दिली. किंग्ज इंडियन व क्वीन्स इंडियन हे बचाव आज प्रत्येक अभ्यासू खेळाडूला ठाऊक असतात. मात्र त्यावरून प्रत्येक एकघरी प्यादे शहाणपणाचे ठरत नाही. महेशचंद्र मध्य सोडीत तो नंतर त्यावर हल्ला करण्यासाठी. नवशिका सोडतो तो विसरून. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन खेळ्यांतील हे अंतर शिकविणाऱ्यानेच दाखवून द्यावे लागते.

मीर सुलतान खान यांची कारकीर्द याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. पंजाबातील हा खेळाडू लहानपणी वडिलांकडून देशी डाव शिकला, १९२८ मध्ये अखिल भारतीय विजेता झाला आणि १९२९ मध्ये सर उमर हयात खान यांच्याबरोबर इंग्लंडला गेला. त्याने १९२९, १९३२ व १९३३ असे तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेता कापाब्लांका याचा पराभव केला. सुरुवातीच्या खेळ्यांचे पुस्तकी ज्ञान त्याला बेताचेच होते व त्या टप्प्यात तो अनेकदा अडचणीत येई. मधला व अखेरचा डाव मात्र असामान्य. देशी डावाने दिलेले बळ आणि त्याच डावाने ठेवलेली उणीव, दोन्ही एकाच माणसात इतक्या स्पष्टपणे क्वचितच आढळतात. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेने त्याला २०२४ मध्ये मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला. त्याचे निधन १९६६ मध्ये झाले होते.

महाराष्ट्रातील संक्रमण : आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटना १९२४ मध्ये पॅरिस येथे व अखिल भारतीय बुद्धिबळ संघ १९५१ मध्ये स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. त्यानंतर अधिकृत स्पर्धांत देशी नियमांना स्थान उरले नाही. मुंबई, पुणे व सांगली येथील मंडळांनी नवे नियम लवकर आत्मसात केले. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने, विशेषतः भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या परिश्रमांमुळे, उन्हाळी स्पर्धांची परंपरा निर्माण केली. भाग्यश्री साठे-ठिपसे या सांगलीच्याच. मुंबईच्या वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनींनी १९७४ पासून सुमारे दशकभर महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद जवळजवळ घरातच ठेवले. रोहिणी यांनी १९८१ मध्ये आशियाई अजिंक्यपदही मिळविले. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये महाराष्ट्राचे पहिले ग्रँडमास्टर झाले. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला.

ही यशोगाथा मंडळांची, शिबिरांची आणि शहरांची आहे. लहान गावांतील शिक्षणाचा मार्ग निराळा होता. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड, दापोली, चिपळूण यांसारख्या भागांत पट मांडण्याची जागा म्हणजे घराची ओटी किंवा पडवी, मोसम म्हणजे पावसाळ्यातील रिकामी दुपार, आणि शिक्षक म्हणजे आजोबा किंवा थोरला चुलता. तेथे पुस्तक नव्हते; नियम तोंडी चालत आले. मुंबईत चाकरीस असलेले चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला गावी येत, ते मुंबईच्या चाळीतले किंवा गिरणीतल्या सोबत्यांकडून उचललेले नियम बरोबर आणीत. परिणामी एकाच घरात किल्लेकोट आणि अडीच घरांची उडी एकत्र नांदू शकत. प्यादे दोन घरे चाले, पण घोड्याच्या पट्टीत घोडाच होई. चालत्या प्याद्याला बाजूने मारण्याचा, एन पासां या नावाचा नियम तर अशा मिश्र डावात बहुधा नसेच. दोन घरांची चाल जेथे मुळात नाही, तेथे तिच्यावरील उतारा कशाला लागेल? हा नियम नवशिक्याला अन्यायाचा वाटतो, यामागेही हेच कारण आहे.

असा डाव शिकलेला मुलगा शालेय स्पर्धेला प्रथम जातो, तेव्हा त्याचे काय होते हे पाहण्यासारखे असते. त्याला मोहऱ्यांचा जोर कळतो, दोनतीन खेळ्या पुढचे दिसते, आणि तरीही तो राजा घोड्यासारखा उडवितो. पंच ती खेळी मागे घ्यायला लावतात व समोरच्याला जादा वेळ देतात; असा नियमभंग दुसऱ्यांदा झाला तर डावच गमवावा लागतो. त्याला नुसते ‘चूक’ म्हणून सांगितले, तर तो दोनपैकी एक निष्कर्ष काढतो : आपल्याला खेळ येत नाही, किंवा आजोबांना येत नव्हता. दोन्ही निष्कर्ष खोटे आहेत. हा दुसरा डाव आहे आणि त्याचे नियम असे आहेत, एवढे कोणी वेळीच समजावले, तर ओटीवर मिळालेले शिक्षण फुकट जात नाही. आडगावच्या पुष्कळ चांगल्या खेळाडूंचा खेळ पहिल्या स्पर्धेनंतरच सुटला असेल, तर त्यास प्रतिभेच्या अभावापेक्षा या समजावणीचा अभाव अधिक कारणीभूत मानावा लागेल.

सार्वत्रिक दोष : नियमभेदाशी संबंध नसलेले दोषही थोडके नाहीत. सर्वांत व्यापक दोष म्हणजे मोहरे बिनजोर ठेवणे. जोर ही मराठी खेळाडूंची जुनी व अचूक संज्ञा आहे. मोहरे मारले गेल्यास मारणाऱ्याला परत मारण्याची सोय, हा तिचा अर्थ. एखाद्या घरावर शत्रूचे मारे किती आणि आपले जोर किती, हे प्रत्येक खेळीपूर्वी मोजले, तर नवशिक्याचे निम्मे पराभव टळतील. मोजतानाही एक चूक होते : मारे व जोर यांची संख्या जुळली म्हणजे झाले, असे वाटते, पण मारामारीत प्रथम कोण जाणार, प्यादे की वजीर, यावर हिशेब फिरतो. मोहऱ्यांच्या सापेक्ष किमती आज प्यादे १, घोडा व उंट ३, हत्ती ५ आणि वजीर ९ अशा शिकवितात. हॉवर्ड स्टाँटनने १८४७ मधील आपल्या पुस्तकात त्या दशांशात दिल्या होत्या. त्याच्या मते घोडा ३·०५, उंट ३·५० व वजीर ९·९४ प्याद्यांच्या मोलाचा. एवढ्या काटेकोरपणाचा पटावर उपयोग नाही. कोंडलेल्या उंटापेक्षा मध्यावरचा घोडा केव्हाही बरा, हे कोष्टकातून कळत नाही.

स्वतःच्याच बेतात गुंग होऊन समोरच्याची खेळी न पाहणे हा दुसरा व्यापक दोष. त्याचे प्रसिद्ध स्मारक डामियानोच्या नावे आहे. राजापुढची प्यादी दोन्हीकडून दोन घरे चालल्यावर पांढरा घोडा काळ्या प्याद्यावर मारा करतो. तेव्हा त्या प्याद्याला राजाच्या उंटापुढच्या प्याद्याने जोर देणे सहज सुचते आणि तेच घातक ठरते. पांढरा घोड्याने प्यादे मारतो. घोडा परत मारला, तर वजीर कडेने शह देऊन राजाला उघड्यावर आणतो किंवा हत्ती टिपतो. पोर्तुगीज लेखक डामियानो याने १५१२ च्या पुस्तकात या बचावाचा निषेध केला होता, तरी बचावाला नाव त्याचेच चिकटले. दोष दाखविणाऱ्याच्या माथी दोष मारला जाण्याचे इतके नमुनेदार उदाहरण या खेळाच्या इतिहासात दुसरे नसावे.

शिकविण्याच्या पद्धतीविषयी युरोपात पुष्कळ विचार झाला आहे. सतराव्या शतकातील इटालियन खेळाडू ग्रेको याने आपल्या हस्तलिखितांतून असे नमुनेदार डाव लिहिले, की ज्यांत एक बाजू चूक करते व दुसरी तिला तात्काळ शासन करते. चुकीतून शिकविण्याची ती जुनी शाळा होय. जगज्जेता लास्कर याने १८९५ मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानांत आरंभासाठी मोजके दंडक सांगितले : राजा व वजीर यांपुढील प्यादी तेवढी चालवावीत, घोडे उंटांच्या आधी काढावेत, एकच मोहरे पुन्हापुन्हा हलवू नये. कापाब्लांकाने १९२१ च्या पुस्तकाची सुरुवात उलट टोकाकडून, म्हणजे साध्या माती व प्याद्यांचे शेवटचे डाव यांपासून केली. महाराष्ट्रातील नवशिक्याला कापाब्लांकाचा क्रम अधिक मानवण्यासारखा आहे; कारण देशी आणि आंतरराष्ट्रीय डावांत खरी फारकत अखेरीच्या नियमांत आहे आणि तीच त्याला सर्वांत शेवटी शिकविली जाते.

एकविसाव्या शतकात जुन्या दोषांच्या जोडीला नवे दोष आले. सुरुवातीच्या खेळ्या पंधरापंधरापर्यंत पाठ करणे आणि समोरच्याने वेगळी खेळी करताच गोंधळणे, हा त्यांपैकी एक. एका परीने ही अरबी व्यूहरचनेच्या नमुन्यांचीच पुनरावृत्ती आहे. फरक एवढाच, की तेव्हा डाव संथ होता. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने जगज्जेता कास्पारॉव्ह याला सहा डावांच्या सामन्यात हरविले. त्यानंतर काही वर्षांतच तितक्याच ताकदीचे सल्लागार घरोघरी आले, पुढे हातातल्या फोनमध्येही. खेड्यातील मुलाला त्यामुळे प्रथमच शहरातील मुलाइतके साहित्य उपलब्ध झाले, ही मोठी सोय आहे. परंतु संगणक खेळीची किंमत आकड्यात सांगतो, कारण सांगत नाही. खेळी चुकली हे कळते. ती का सुचली हे त्याला विचारता येत नाही. राजा अडीच घरे उडविणाऱ्या मुलाची ती खेळी यंत्र नुसती नाकारते. देशी डाव नावाचे काही होते, हे त्याला घरातलेच कोणी सांगू शकते.